रिकाम्या टाकीतली हवा

तासगाव,
१० जून

राजेश्वरी,

आशीर्वाद लिहावा का नको ते कळंना, म्हणून नुसतं नाव लिहिलंय. फोन तू उचलत न्हाईस. माझा नंबर दिसला की कट करतीस, भाऊसोच्या फोनवरनं केला तर माझा आवाज ऐकून कट करतीस. म्हणून आता पत्र. पाकिटावरचा पत्ता मी गंगाधर सरांकडनं लिहून घेतलाय. दहावीच्या सरांचं अक्षर बघून तू पाकीट फाडणार न्हाईस, एवढी तुला मी वळखते. लबाडी केली म्हण. केली.

तर बातमी अशी हाय, की तुझी आई दहावीला बसतीया. हसू नको. सतरा नंबरचा फॉर्म भरणार हाय, म्हंजी शाळेत न जाता बाहेरनं परीक्षा. नववीत माझं दप्तर काढून घेतलं आन् हळद लावली, त्याला आता तीस वर्षं झाली. गंगाधर सर रिटायर हून घरीच असत्यात. द्राक्षाच्या बागंतलं काम उरकलं की दुपारी तीनला मी त्यांच्या पडवीत जाऊन बसते. सरांस्नी वाटलं, ही बाई आठ दिसांत पळून जातीया. आज बाविसावा दिवस हाय.

सर म्हणालं, मराठीपास्नं सुरुवात करू. मी म्हणलं, मला आदी गंजाचा धडा शिकवा. का, म्हणून इचारलं. म्हणलं, माझ्या लेकीचा इषय हाय तो. मग त्यांनीच सांगितलं, की साताऱ्याच्या शाळंत तू दहावीचं विज्ञान सोडलंस आन् लायब्ररीत पुस्तकं देतीस. अडीच वर्षं झाली म्हणं. एम.एस्सी. झालेली पोरगी कपाटाच्या किल्ल्या घिऊन बसलीया. मला ऐकून काय वाटलं ते मी लिहीत न्हाई.

आपल्या दोघींत काय झालंय ते दोघींस्नी ठावं हाय. बेदाण्याच्या शेडवरची लोखंडी टाकी साफ करायला तुझं आबा आत उतरलं आन् जित्तं वर आलं न्हाईत. तू शेजारी उभी व्हतीस. त्यांनी तुला इचारलं, 'तू केमिस्ट्रीची बाई, उतरू का?' तू 'उतरा' म्हणालीस. मग तेराव्याला चार माणसांत मी तुला जे बोलले ते बोलले. तू पिशवी उचललीस आन् साताऱ्याची एसटी धरलीस. एवढंच.

तुझा काका भाऊसो म्हणतोय, वयनी, ती टाकी भंगारात घालूया, दारात नको. मी घालू दिली न्हाई. पाऊस लागायच्या आदी दर साली आबा जसं करायचं, तसं तळात जरा पाणी ठेवून, झाकणाला रबर लावून, आठ बी नट पान्यानं आवळलं. लोकास्नी वाटतंय मी आठवण म्हणून ठेवलीया. वाटूंदे.

आता एक सांग. लोखंड गंजलं की त्याचं वजन वाढतंय का घटतंय? मी म्हणते घटतंय. गंजाची पत्री पडती, खाली पडलं ते गेलं. सर नुसतं हसत्यात. तू कळव.

आई

*

४ ऑगस्ट

राजेश्वरी,

उत्तर आलं न्हाई. येईल असं धरलं बी न्हवतं.

वजनाची पैज मी हरले. लेथवाल्याकडनं लोखंडाचा कीस आणला, सोनाराच्या काट्यावर शंभर ग्रॅम मोजला. परातीत पसरून पंधरा दिस पाणी शिंपडलं. लाल झाला. तव्यावर कडकडीत कोरडा करून परत सोनाराकडं नेला तर एकशे सहा ग्रॅम. सोनार म्हणाला, मावशी, आमच्या मालाला ही ट्रिक चालती का बघा की. दुकानात सगळी हसली. मी बी हसले, पण डोस्कं त्या सहा ग्रॅमवरच अडकलं. कोणी घातलं ते?

सर म्हणालं, हवेनं. मी म्हणलं, हवेला कुठलं आलंय वजन. तर म्हणालं, हाय. हवेतला ऑक्सिजन लोखंडात जाऊन बसला, त्याचं हे सहा ग्रॅम. मला आजवर वाटायचं, गंज म्हंजी लोखंडाचाच मळ, आतनं वर येतोय. तसं न्हाई म्हणं. त्यातला बराच हिस्सा बाहेरचा असतोय.

मग सरांनी इलेक्ट्रॉन काढलं. फळ्यावर ठिपकंच ठिपकं. लोखंड आपलं इलेक्ट्रॉन देतंय, त्याला ऑक्सिडीकरण म्हणायचं. ऑक्सिजन ते घेतोय, त्याला क्षपण. मी इचारलं, आदी कोण, देणारा का घेणारा? सर म्हणालं, दोन्ही एकाच वक्ताला. घेणारा असल्याबिगर देणाऱ्याला देताच येत न्हाई. मी म्हणलं, मग ऑक्सिजन नसंल तितं ऑक्सिडीकरण न्हाईच व्हायचं? ते म्हणालं, व्हतंय की, घेणारा दुसरा कोण बी चालतोय. आन् मोरचुदाच्या निळ्या पाण्यात खिळा टाकलेलं चित्र दाखवलं. खिळ्यावर तांबं चढलेलं. मला हसू आलं. म्हणलं, सर, ह्ये मला तुमच्या आदीपास्नं ठावं हाय. बागंवर मारायचं मोरचूद आमी लोखंडी बादलीत कवाच कालवत न्हाई, प्लॅस्टिकच्याच पिंपात कालवतो. बादलीला तांबं चढतंय, बादली खलास व्हती आन् औषध बी वाया जातंय. सर खूश झालं. म्हणालं, राजेश्वरीनं पण वर्गात हेच सांगितलं होतं, आईनं सांगितलं म्हणून. मी कवा सांगितलं व्हतं गं तुला? मला आठवंना.

गेल्या म्हैन्यात सरांनी बरणीचा प्रयोग करून दाखवला. काचंच्या बरणीच्या बुडाला ओला कीस चिकटवला, बरणी ताटातल्या पाण्यात उपडी ठेवली. आठ दिसांत पाणी आपोआप आत चढलं. पाचातला एक हिस्सा चढलं आन् थांबलं. पुढं दोन दिस वाट बघितली, चढलं न्हाई. सर म्हणालं, तेवढा ऑक्सिजन होता, लोखंडानं घेतला. आता आत राहिला तो नायट्रोजन. त्याला वास नाही, रंग नाही, तो डोळ्याला झोंबत नाही. त्यात मेणबत्ती जळत नाही आणि माणूस जगत नाही.

मी वही मिटली आन् घरला आले. सरांस्नी सांगून बी आले न्हाई.

तुला आठवतंय, गावात सगळी म्हणायची टाकीत इषारी गॅस झाला व्हता. कोण म्हणालं सडक्या पाण्याचा, कोण म्हणालं बेदाण्याला धुरी देत्यात त्या गंधकाचा. मी बी अडीच वर्षं तेच धरून बसले व्हते, कायतरी आत व्हतं आन् त्यानं आबांस्नी मारलं. तसं काय न्हवतंच आत. पावसाळाभर गंजानं हवा खाल्ली व्हती आन् टाकी खरंच रिकामी व्हती. जुन्या विहिरीत उतरताना आपली माणसं आदी कंदील सोडत्यात. धुतलेल्या टाकीत कोण सोडतंय?

आबा आत जाऊन दोनदा श्वास घेत असतील आन् काय बी येत नसंल. हे मला आदी ठावं न्हवतं, ते बरं व्हतं.

आई

*

२२ ऑक्टोबर

राजेश्वरी,

फॉर्म भरला. फोटोत मी चोरासारखी दिसते. पूजाबाय, टायपिंगवाली, म्हणाली हसा की मावशी. मला कॅमेऱ्यापुढं जमत न्हाई.

सहामाहीचा पेपर सरांनी घरीच घेतला. शंभरात एकसष्ट. गणितानं मार खाल्ला. 'गंज लागण्यासाठी कोणत्या गोष्टी आवश्यक आहेत' ह्या प्रश्नाला मी दीड पान लिहिलं. सरांनी खाली लिहिलं, प्रश्न दोन गुणांचा आहे.

त्या दिवशी मी सरांस्नी इचारलं, की अशी बंद टाकी उघडली, तर हवा परत भरायला किती येळ लागतोय? सहज इचारल्यावानी इचारलं. ते म्हणालं, वरचं झाकण आणि खालची तोटी दोन्ही उघडी असतील तर वारा खेळतो, एक-दोन दिवसांत चांगली हवा होते. नुसतं झाकण उघडलं तर वेळ लागतो. मग त्यांनीच इचारलं, नाथाजीराव गेले तेव्हा झाकण कधी उघडलं होतं? मी म्हणलं, दोन दिस आदी. आणि तोटी? मी म्हणलं, ती बी. सरांनी चष्मा काढून धोतराला पुसला, परत घातला आन् भिंगाचा धडा काढला. मला गंजाच्या धड्यावर अजून इचारायचं व्हतं, पण त्यांनी पान उलटलं.

तुला ती सकाळ आठवती का माझ्याइतकी? आठ वाजलं व्हतं. तू सुट्टीला आली व्हतीस, चहाचा कप हातात घिऊन शेडवर आलीस. आबांनी खरडायची पत्री आन् तारेचा ब्रश घेतला. टाकीवर चढलं. मला इचारलं, 'झाकण कवापास्नं उघडं हाय?' मी म्हणलं, 'परवापास्नं उघडंच हाय.' मग ते तुझ्याकडं बघून म्हणालं, तू केमिस्ट्रीची बाई, उतरू का? तू म्हणालीस, दोन दिवस उघडी आहे ना, मग काही नाही, उतरा. बरोबर आठवतंय न्हवं?

इथं मी दोन ओळी खोडल्यात. उजेडाला धरून वाचायला जाऊ नको, पेन दाबून खोडलंय.

दिवाळीला भाऊसोच्या सुना येत्यात. चकल्या मी घालणार. तुझ्या वाटणीच्या डब्यात भरून ठेवते दर साली आन् संक्रांतीला गड्यांस्नी देऊन टाकते. साताऱ्यात मिळत असतील म्हणा.

एवढं एक तरी कळव, की वाचतीस का न्हाई.

आई

*

२० जानेवारी

राजेश्वरी,

हे पत्र बसून वाच. उभ्यानं नको.

परवा, शनवारी, भाऊसो सांगलीला विश्रामबागंत कामाला गेला व्हता. शेडवर कोण न्हवतं. सकाळी सातला मी पाना घेतला आन् टाकीचं आठ बी नट सोडवलं. जूनपास्नं बंद व्हती. झाकण उघडलं. तोटी तशीच बंद ठेवली. बरोब्बर एक तास बसले. आठ वाजता कंदील पेटवला, तारंला बांधून आत सोडला. वारा न्हवता. निम्म्यात गेला आन् ज्योत निळी झाली, बारीक झाली, गेली. वर काढला, पेटवला, परत सोडला. परत गेली. तिसऱ्यांदा बी तेच.

मग तोटी उघडली. गंजून बसली व्हती, हातोडीनं उघडावी लागली. झाकण आन् तोटी दोन दिस तशीच ठेवली आन् आज सकाळी आठला परत कंदील सोडला. तळापत्तुर गेला. तासभर तळात जळत ऱ्हायला. मी वरनं बघत बसले. काच काळी झाली, तरी जळतच व्हता.

आता सांगते. आबांनी सोमवारी मला सांगितलं व्हतं, उद्या झाकण आन् तोटी उघडून ठेव, गुरुवारी मी आत उतरून गंज खरडतो. ही त्यांची दर सालची रीत. मंगळवारी मी हळदीकुंकवाला गेले. रथसप्तमी जवळ आली व्हती, निम्म्या घरांचं ऱ्हायलं व्हतं. बुधवारी बी गेले. नवी जांभळी इरकल नेसले व्हते आन् बायका नावाजत व्हत्या. टाकी मी इसरून गेले. गुरुवारी सकाळी सातला ध्यानात आलं, तशी पळत गेले आन् झाकण उघडलं. तोटी हलंना, ती सोडून दिली. आठला आबा आलं. ते चिडलं की गड्यांदेखत बोलायचं, तुला ठावं हाय. एवढ्यासाठी मी म्हणलं, परवापास्नं उघडंच हाय.

तू जे म्हणालीस ते माझ्या बोलण्यावर म्हणालीस. दोन दिस उघडी असती, तर तुझं बरोबर व्हतं. आज मी डोळ्यानं बघितलं, कंदील जळत व्हता. तुझं चुकलं न्हाई. माझं चुकलं.

खरं सांगू, दहावीला मी ह्याच्यासाठीच बसले. मला पुस्तकातनं काढायचं व्हतं, की एक तास काय आन् दोन दिस काय, सारखंच. गंजलेली टाकी ती गंजलेली टाकी, कशी बी उघडली तरी ते मेलंच असतं. असं कुठंतरी लिहिलं असंल म्हणून मी आठ म्हैनं ती वही घासली. तसं कुठंच लिहिलेलं न्हाई.

तेराव्याला भाऊसो म्हणाला, शिकलेल्या पोरीनं बापाला आत घातलं. माझ्याकडं सगळ्यांनी बघितलं. खरं काय ते मी म्हणायला पायजे व्हतं. त्याच्याऐवजी मी तुला म्हणलं, 'दर साली पोरांस्नी गंज शिकवतीस आन् बापाला मारलंस.' ते शब्द माझ्या तोंडातनं कसं आलं ते मला ठावं हाय. भ्यायले व्हते. ते तुझ्याकडं बघत ऱ्हायलं तर माझ्याकडं बघणार न्हाईत, एवढंच डोक्यात व्हतं.

आता तुला कळलं. तू परत वर्गात जा. दहावीला शिकव, तुझा इषय हाय तो. तेवढ्यासाठीच हे लिहिलंय. एकच इनंती. हे आपल्या दोघींतच ठेव. भाऊसोला कळलं तर ह्या घरात मला तोंड दाखवता येणार न्हाई. ह्या वयात मी कुठं जाऊ.

आई

*

सातारा,
२७ जानेवारी

आई,

तुझी चारही पत्रं वाचली. सरांचं अक्षर फसवायला वापरलंस हे पहिल्याच ओळीत कळलं, तरी वाचलं.

तू लिहिलंस ते मला माहीत होतं. आता नाही कळलं. सांगलीच्या दवाखान्यात, आबांना आत नेलं आणि आपण दोघी बाहेर बाकावर बसलो होतो, तेव्हाच कळलं. दोन दिवस झाकण आणि तोटी उघडी असती तर त्या टाकीत हवा असती. माणूस दोन श्वासांत कोसळला नसता. म्हणजे ती दोन दिवस उघडी नव्हती. ती उघडणारी तू होतीस. यासाठी मला कंदील सोडावा लागला नाही, मी हेच शिकवत होते.

मी बोलले नाही. काका त्या दिवसांत ज्या संतापात होते, त्यांच्यापुढे तुला उभं करावंसं वाटलं नाही. आबा तर गेलेच होते. मनात म्हटलं, आई सावरली की सांगेल. मला एकटीला तरी सांगेल. दहाव्याला नदीवर मी तुझ्या शेजारी मुद्दाम बसले होते. तू काही बोलली नाहीस. आणि तेराव्याला ते बोललीस.

झाकण उघडायचं तू विसरलीस. भीतीनं खोटं बोललीस. हे मी कधीच माफ केलं होतं, तिथेच, त्या बाकावर. आबा चिडले की मीसुद्धा खोटं बोलायचे. पण तेराव्याला तू विसरली नव्हतीस. काय खरं आहे ते तुला माहीत होतं आणि मला माहीत नाही असं तू धरून चाललीस. त्यासाठी मी घर सोडलं.

विज्ञान शिकवणं सोडलं, कारण गंजाच्या धड्याला दरवर्षी कोणीतरी विचारतं, बाई, बंद डब्यातली हवा संपायला किती दिवस लागतात? मला उत्तर येतं. ते देताना आवाज नीट राहत नाही. माझीही एक चूक आहेच. तू काय सांगितलंस ते मी तपासलं नाही, दिवा सोडून बघा म्हणाले नाही. ती माझी मी ठेवली आहे, कोणावर टाकली नाही.

तू लिहितेस, आपल्या दोघींतच ठेव. आई, दोघींतच तर आहे, तीन वर्षं. मला सांगून काय उपयोग? मला माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांग.

परीक्षेला बस. इलेक्ट्रॉन देणं म्हणजे ऑक्सिडीकरण, यात तू दुसऱ्या पत्रात कुठेही चुकली नाहीस.

राजेश्वरी

*

तासगाव,
३ फेब्रुवारी

राजेश्वरी,

आज आबांचं सालचं श्राद्ध झालं. पानं वाढली व्हती. भाऊसो, त्याची बायकू, सुना, शेजारची चार माणसं, गंगाधर सर बी आलं व्हतं. दर साली जेवताना कोणतरी तुझा इषय काढतंय. औंदा बी काढला. पोरगी बापाच्या श्राद्धाला बी येत न्हाई, असं भाऊसो म्हणाला.

मी वाढत व्हते. आमटीचं पातेलं खाली ठेवलं आन् सांगितलं. सगळं. हळदीकुंकू, सकाळचं सात, तोटी, परवापास्नं उघडंच हाय. कंदिलाचं बी सांगितलं, म्हंजी कोण म्हणायला नको की हिला पोरीची माया आली म्हणून बोलतीया. मग तेराव्याचं सांगितलं, की तवा बी मला ठावं व्हतं.

सर ताटाकडं बघत बसलं व्हतं, त्यांस्नी ऑक्टोबरातच उमगलं असणार. मग भाऊसोनं इचारलं, 'वयनी, मग पोरगी तीन वर्षं गप का बसली?' मी म्हणलं, 'माझ्यापायी.' भाऊसो ताटावरनं उठला आन् हात धुवायला बाहेर गेला. परत आत आलाच न्हाई. आंगणात उकिडवा बसून रडत व्हता. आबांच्या वेळी बी तो एवढा रडला न्हवता. मग एकेक करून सगळी उठली. अन्न तसंच ऱ्हायलं.

संध्याकाळी भाऊसोच्या बायकूनं तिची चूल येगळी मांडली. मला कोण काय म्हणालं न्हाई, नुसतं कोण बोलत न्हाईत. त्यात माझं गाऱ्हाणं न्हाई.

गुरुवारी भाऊसो साताऱ्याला येतोय, तुला भेटायला. त्यानं मला इचारलं न्हाई, नुसतं सांगितलं. काय बोलायचं ते त्याला जमंल का न्हाई ठावं न्हाई. तुझ्या दारात त्यो अडखळंल. त्याला आत घे, चहा दे, घाई करू नको.

मी बी त्याच गाडीनं येते, मागल्या सीटवर. पण तुझ्या घरी येणार न्हाई. साताऱ्याच्या स्टँडवर बसते. पाचला तासगावची गाडी हाय. तू त्याच्या आदी आलीस तर तुला बघीन. न्हाई आलीस तर पाचच्या गाडीनं परत येईन आन् पेपरचा अभ्यास करीन.

आई